न बांधलेला जॉब

माझा डावा गुडघा डिसेंबर २०१८ मध्ये बदलला आणि उजवा नोव्हेंबर २०२४ मध्ये. डावा जुन्या रीतीने, म्हणजे हाडावर जिग (करवतीला वाट दाखवणारा साचा) बसवून हातातल्या करवतीनं. उजवा रोबोटच्या मदतीनं. डॉक्टर दोन्ही वेळी तेच, गाव तेच, कोल्हापूर. दोन्ही पद्धती एकाच अंगावर घेतलेली माणसं मला फारशी भेटली नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझ्या धंद्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं मी त्याच नजरेनं पाहिलंय. मी टर्नर. आयटीआय करून १९७७ साली शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिलो. पुढं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेलो आणि शेवटची बारा वर्षं सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या मशिनवर काढली. ३८ वर्षं उभ्यानं काम. गुडघे त्यामुळंच गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत, वय आणि पायाची मूळची ठेवणही त्यात आहे; पण सिमेंटच्या जमिनीवर दिवसाचे नऊ-दहा तास उभं राहिल्याचं शरीर विसरत नाही, एवढं मला कळतं.

उजव्या पायाचं दुखणं २०२१ पासून वाढत गेलं. जिना उतरताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी. रात्री कूस बदलली की जाग. रंकाळ्याची पूर्ण फेरी आधी अर्ध्यावर आली, मग बाकावर बसून लोक बघण्यावर आली. बायको म्हणायची, "अहो, डावा केला तेव्हा एवढं सोसलं नव्हतंत. आता कशाची वाट बघताय?" मी वाट कशाची बघत होतो, तर रोबोटची चौकशी पुरती होण्याची.

त्या काळात चौकाचौकांत रोबोटिक गुडघ्याचे फलक लागलेले होते. एका हॉस्पिटलात मी नुसता विचारायला गेलो. तिथल्या पॅकेज सांगणाऱ्या मुलीनं मला टॅबवर चित्रफीत दाखवली आणि म्हणाली, "काका, सगळं रोबोट करतो, मानवी चूक होतच नाही." मी विचारलं, रोबोटला माझं हाड कुठं आहे ते कसं कळतं? तिला ते सांगता आलं नाही, आणि तिनं ज्यांना बोलावलं त्यांनी खोल्यांचे दर सांगायला सुरुवात केली. मला त्या मुलीचा राग नाही आला. पण "चूक होतच नाही" हे वाक्य मला सोसेना. ज्यानं मशिन चालवलंय तो असं बोलणार नाही. मशिन आपण सांगितलेलं अगदी तंतोतंत करतं. सांगताना झिरो, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची तो बिंदू, चुकला असेल तर चूकही तंतोतंत करतं.

शेवटी मी माझ्या जुन्या डॉक्टरांकडेच गेलो. ते आता रोबोटवरही गुडघे करत होते. त्यांनी उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा एक्स-रे काढायला लावला, त्याला ते स्कॅनोग्राम म्हणतात. पडद्यावर त्यांनी खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढली. ही रेघ साधारण गुडघ्याच्या मधून जायला हवी. माझ्या उजव्या पायात ती गुडघ्याच्या आतल्या कडेला जाऊन पडली होती. पाय ११ अंशांनी धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. शरीराचा सगळा भार आतल्या अर्ध्या भागावर, तिथली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, पूर्ण संपलेली, हाडावर हाड.

मी तोच प्रश्न त्यांना विचारला. ते हसले नाहीत. खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "काका, तुम्ही मशिनवाले, तुम्हाला नीट सांगतो."

ते जे बोलले त्याचा सार माझ्या शब्दांत असा. आपल्याकडे जॉब, म्हणजे कापायचा नग, मशिनच्या चकमध्ये किंवा व्हाइसमध्ये घट्ट आवळतात. एकदा डायल लावून झिरो घेतला की टूल आणि जॉब यांचं नातं पक्कं. पेशंटचा पाय असा आवळता येत नाही. तो वाकवावा लागतो, सरळ करावा लागतो, कापतानाही थोडा हलतोच. म्हणून मशिनला हाड बांधून ठेवण्याऐवजी हाड या क्षणी कुठं आहे ते सतत बघत राहावं लागतं. मांडीच्या हाडात दोन आणि नडगीच्या हाडात दोन पिना बसवतात, त्यांवर चकाकत्या खुणांची एकेक चौकट लावतात, आणि इन्फ्रारेड कॅमेरा त्या चौकटींकडे अखंड बघत असतो. पाय हलला की पडद्यावरचं हाडही हलतं, आणि रोबोटचा हात त्याप्रमाणं आपली जागा सुधारतो.

हे ऐकलं आणि मला सगळं उलगडलं. करवतीपेक्षा इथं झिरोची गोष्ट मोठी होती.

घरी आल्यावर मुलानं पुण्याहून काही काही वाचायला पाठवलं. त्यातून कळलं की हाडाच्या शस्त्रक्रियेतला पहिला गाजलेला रोबोट, रोबोडॉक, अमेरिकेत सॅक्रामेंटोला १९९२ साली माणसाच्या खुब्यावर वापरला गेला. विल्यम बार्गर हे अस्थितज्ज्ञ आणि हॉवर्ड पॉल हे जनावरांचे डॉक्टर यांनी तो आधी कुत्र्यांच्या खुब्यांवर वापरून पाहिला होता. तो खरोखर मिलिंग मशिनच होता: मांडीचं हाड मशिनला घट्ट जखडायचं आणि फिरत्या कटरनं आतली पोकळी कोरायची. हाडाची जागा मशिनला कळावी म्हणून सुरुवातीला स्कॅनच्या आधीच वेगळी छोटी शस्त्रक्रिया करून हाडात पिना ठोकाव्या लागत, आणि गुडघ्याजवळच्या पिना पेशंटला पुढं दुखत राहत. म्हणजे त्यांनी आपल्यासारखाच विचार केला होता, जॉब बांधा आणि कापा. जॉब न बांधता त्याच्यावर नजर ठेवण्यापर्यंतचा प्रवास नंतरचा. मला त्या जुन्या माणसांबद्दल फार आदर वाटला.

डॉक्टरांना मी आणखी एक गोष्ट सरळ विचारली: रोबोटनं बसवलेला सांधा जास्त टिकतो का? त्यांनी पुड्या सोडल्या नाहीत. म्हणाले, कोनांची अचूकता वाढते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, ठरवलेल्या मापापासून भरकटणारे गुडघे कमी होतात. पण कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात, तो २०२० साली छापला गेला, दहा वर्षांहून जास्त काळ पेशंट पाहिले तर हातानं केलेले आणि रोबोटनं केलेले गुडघे टिकायला आणि चालायला सारखेच निघाले. तो रोबोट जुन्या पिढीचा होता, आताच्यांचे तेवढे लांबचे आकडे अजून यायचेत. "तुमचा डावा मी हातानं केलाय. तो चांगला आहे ना? मग उजवाही हातानं चांगलाच होईल. रोबोट वापरला तर मला कापण्याआधी जास्त दिसेल, एवढं मी खात्रीनं सांगतो." याच बोलण्यावर मी रोबोटला हो म्हटलं.

पैशाचंही लिहितो, कारण लोक तेच आधी विचारतात. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची किंमत तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी छापील किंमत दीड लाखाच्या घरात असायची. माझ्या डाव्या गुडघ्याला याचा थेट फायदा झाला. पण मर्यादा सांध्याच्या किमतीवर आहे. रोबोटचे पैसे हॉस्पिटल वेगळे लावतं, आणि माझ्या बिलात ते चांगलेच जाणवण्याइतके होते. विमा कंपन्यांना रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही, तसा विमा नियामकाचा नियम आहे, मात्र त्यावर रकमेची मर्यादा घालता येते. माझ्या पॉलिसीत ती होती आणि फरक मी भरला. सही करण्याआधी पॉलिसीतलं ते कलम बघून घ्या.

तयारीत फार नवीन काही नव्हतं. तीन महिन्यांची साखर, लघवी, हृदयाची इको. एक हलणारी दाढ आधी काढून टाकली, कारण तोंडातला जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो. नवीन गोष्ट एकच, सीटी स्कॅन. खुबा, गुडघा आणि घोटा, तिन्ही ठिकाणचे काप. पाय अजिबात हलवू नका म्हणाले. पाच मिनिटांत झालं.

त्या स्कॅनवरून संगणकानं माझ्या हाडांची त्रिमिती प्रतिकृती तयार केली, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी ती मला मुद्दाम दाखवली. ती अर्धी-पाऊण तासाची बैठक मी विसरणार नाही. पडद्यावर माझं स्वतःचं मांडीचं हाड. आतल्या कडेला हाडाचे फुटवे आलेले, बिडाच्या ओतकामाला फ्लॅश, म्हणजे कडेची जादा धातूची पापडी, राहतो तसे. त्यावर डॉक्टर धातूची टोपी चढवून बघत होते. एक नंबर मोठी चढवली तर कड बाहेर आली. लहान चढवली तर पुढच्या बाजूला हाडाला खाच पडायची भीती. मग अर्धा अंश फिरव, अर्धा मिलिमीटर वर घे, परत बघ. मी ड्रॉइंगवर आयुष्य काढलंय, पण प्रत्येक नगाचं ड्रॉइंग वेगळं असलेलं काम मी कधी केलं नव्हतं.

तिथं मी एक चूक करून बसलो होतो, ती त्यांनी सुधारली. मला वाटत होतं की पाय फुटपट्टीसारखा सरळ करणं हेच उद्दिष्ट. त्यांनी दोन अंशांचा बाक मुद्दाम ठेवायचं ठरवलं होतं. म्हणाले, तुमचा पाय तरुणपणीही थोडा धनुष्यासारखाच असणार, बऱ्याच लोकांचा असतो. तो पूर्ण शून्यावर आणायला गेलो तर आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडं धरून ठेवणारा पट्टा, जास्त सोडवावा लागेल. थोडा बाक ठेवला तर तो जवळपास न छेडता सांधा तोलात बसेल. यावर डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मग एक वाक्य बोलले ते मी रात्री वहीत लिहून ठेवलं: "कोन मी ठरवतो. रोबोट तो कोन मला मोडू देत नाही."

हातानं केलेल्या गुडघ्यात तीन अंशांपर्यंतचा इकडंतिकडं फरक पूर्वीपासून चालतो असं मानलं गेलंय. मला तीन अंश म्हणजे डोंगर वाटला. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बोलणारा माणूस मी. ते म्हणाले, "काका, हाड म्हणजे बीड नाही. त्याभोवती स्नायू आहेत, ते पुष्कळ सांभाळून घेतात."

सकाळी साडेआठला आत नेलं. कमरेत इंजेक्शन देताना पाठ मांजरासारखी वाकवायला सांगतात. पाय आधी गरम झाले, मग जड, मग माझे नव्हतेच. गुंगीचं औषध कमी ठेवा अशी मी आधीच विनंती केली होती. भूलतज्ज्ञ बाईंनी मान्य केली, पण त्रास वाटला तर लगेच सांगायचं या अटीवर. छातीपुढं हिरवा पडदा. म्हणजे मी जे लिहितोय ते बरंचसं ऐकलेलं आहे, आणि जे कळलं नाही ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून घेतलेलं.

कातडी उघडल्यावर पिना बसल्या. ड्रिलचा आवाज ओळखीचा होता, वेग कमी केलेला. मग माझी अख्खी मांडी त्यांनी गोल गोल फिरवली, म्हणजे खुब्याचा मध्य मिळतो. गोल फिरणाऱ्या वस्तूचा मध्य काढायची ही युक्ती लेथवाल्याला समजावून सांगायला नको. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंना प्रोब, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी टोकदार सळई, टेकवला. त्यानंतर हाडावर बिंदू घ्यायला सुरुवात झाली. पडद्यावर एक ठिपका उजळतो, डॉक्टर अणकुचीदार प्रोब हाडाच्या त्या जागी टेकवतात, बीप होतं, पुढचा ठिपका. मांडीच्या हाडावर चाळीस, नडगीच्या हाडावर चाळीस. प्रोबचं टोक कूर्चेतून खाली हाडापर्यंत न्यावं लागतं, कारण सीटीत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. वरच टेकवलं तर तेवढी चूक आत शिरते. मी मनात बीप मोजत होतो. शेवटी डॉक्टरांचा आवाज आला, "पॉइंट चार." म्हणजे प्रत्यक्ष हाड आणि पडद्यावरचं हाड यांच्यात ०.४ मिलिमीटरचा फरक. व्हीएमसीवर हा आकडा मला झोपू देणार नाही. पण ओल्या, वेड्यावाकड्या, न बांधलेल्या हाडावर हातानं टिपलेल्या चाळीस बिंदूंतून तो आला होता.

मग फुटवे काढले आणि पाय सरळ ठेवून, नंतर वाकवून, दोन्ही बाजूंना ताण देऊन सांध्यातली फट मोजली. "सरळमध्ये आतली बाजू दोन मिलिमीटरनं घट्ट आहे." "वाकवून?" "एक." ही मापं हाड कापायच्या आधी मिळत होती. डाव्या गुडघ्याच्या वेळी आधी काप, मग ठोकळे घालून ताण बघायचा, मग जिथं घट्ट तिथं सोडवायचं, असं झालं होतं. इथं डॉक्टरांनी आराखड्यात नडगीचा काप अर्ध्या अंशानं बदलला आणि पडद्यावर दोन्ही फटी जवळजवळ सारख्या झाल्या. डॉक्टर "जास्त दिसेल" म्हणाले होते ते हेच.

मांडीच्या हाडाचे काप झाले. करवतीचा आवाज चढा, किरकिरा, आणि त्याबरोबर पाण्याचा. ते सतत सलाइन ओतत होते, हाड तापून करपू नये म्हणून. कूलंट, म्हणजे कापताना टूल गार ठेवणारं पाणी, मी मनात म्हटलं, आणि त्या एका शब्दानं मला फार धीर आला. आजूबाजूला सगळं परकं असताना ती एक गोष्ट माझ्या शॉपमधली होती.

मग ते नडगीकडे वळले. आवाज सुरू व्हायच्या आधी थोडी शांतता पडली. आणि डॉक्टर म्हणाले, "चेकपॉइंट जुळत नाहीये."

हे नीट सांगतो. पिनांखेरीज प्रत्येक हाडात एक बारीक धातूची खूण ठोकलेली असते. तिचा उपयोग एवढाच, की प्रत्येक कापाआधी प्रोब तिच्यावर टेकवून खात्री करायची: मघाशी तू जिथं होतीस तिथंच आहेस ना? ती खूण हाडातच असते, त्यामुळे ती हलत नाही. प्रोब टेकवल्यावर आकडा वेगळा आला तर याचा अर्थ चौकट हलली. माझ्या नडगीवरची चौकट हलली होती. पाय वाकवून ताण घेताना कुणाचा तरी कोपर किंवा हत्यार तिला लागलं असावं. फरक दोन मिलिमीटरच्या वर होता. रोबोटचा हात तयार होता, पडद्यावर सगळं हिरवं होतं, आणि चौकटीच्या हिशेबानं तो अगदी बरोबर जागी, प्रत्यक्षात दोन मिलिमीटर चुकीच्या जागी कापणार होता.

मी पडद्याआड डोळे मिटून पडलो होतो आणि मला १९९४ सालचा एक दिवस दिसत होता. एका पंपाच्या बॉडीचे नग होते. व्हाइसचा एक बोल्ट ढिला झाला होता आणि माझ्या लक्षात आला नव्हता. पहिला नग मी तपासला, पास. पुढचे अकरा न तपासता काढले. अकराही भंगारात गेले. प्रत्येक नगाचं भोक सुंदर गोल, फिनिश आरशासारखी, आणि जागा चुकलेली. मालक एक शब्द बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी डेटम, म्हणजे मापं जिथून घेतो ती मूळ जागा, तपासल्याशिवाय टूल खाली आणलं नाही.

डॉक्टरांनीही आणलं नाही. कुणावर ओरडले नाहीत. "चौकट पुन्हा आवळा. नडगी परत घेऊया," एवढंच. पुन्हा बीप. पुन्हा चाळीस बिंदू. सिस्टर वेळ सांगत होत्या, कारण मांडीला रक्त थांबवणारा पट्टा बांधलेला होता आणि त्याचं घड्याळ चालू असतं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग प्रोब टेकवला, आकडा जुळला, आणि करवत सुरू झाली.

त्या बारा मिनिटांसाठी मी त्या माणसाचा आयुष्यभर ऋणी आहे. रोबोटला स्वतःहून काहीच कळलं नव्हतं. खूण तपासायची शिस्त होती म्हणून कळलं, आणि कळल्यावर मागं जायची तयारी होती म्हणून माझा पाय वाचला.

करवतीबद्दल एक खुलासा, कारण लोकांना वाटतं रोबोट एकटा कापतो. माझ्या वेळी जे यंत्र होतं त्यात करवत रोबोटच्या हाताला लावलेली असते, पण ती धरून ढकलतात डॉक्टरच. आखलेल्या सीमेच्या आत ती मोकळी चालते. सीमेशी आली की हात अडतो, आणि रेटून पुढं गेलं तर पातं थांबतं. मागच्या बाजूला गुडघ्याची मोठी रक्तवाहिनी आणि नस असते, बाजूला अस्थिबंध असतो, त्यांच्यासाठी ही सीमा मोलाची. सगळं स्वतःच कापणारी यंत्रंही आहेत, आणि हातात धरायची छोटी, सीटी न लागणारीही आहेत.

पुढचं लवकर झालं. तात्पुरते भाग घालून पाय वाकवून बघितला, मधली प्लास्टिकची चकती नऊ मिलिमीटरची ठरली. सिमेंट कालवल्याचा उग्र वास आला, दाताच्या दवाखान्यात येतो त्या जातीचा. ते घट्ट होईपर्यंत सगळे थांबले. मला वाटतं मी त्यात झोपलो.

त्याच संध्याकाळी वॉकर धरून चार पावलं टाकली. दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपीच्या ताई. पंजा वरखाली, मांडीचा स्नायू आवळून दहापर्यंत मोजणं, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं. इथं रोबोटचा काही संबंध उरत नाही. कितीही नेमका बसवलेला सांधा असो, तो वाकवायचं काम आपलंच, आणि ते दुखतं. पहिल्या आठवड्यात ९० अंश गाठायला मी ओठ चावत होतो आणि बायको बाजूला बसून मोठ्यानं आकडे मोजत होती. चौदाव्या दिवशी टाके काढले.

एक गोष्ट मात्र रोबोटच्याच खात्यातली. नडगीवर, मुख्य जखमेच्या चार बोटं खाली, पिनांच्या दोन जागा आहेत. मसुराच्या दाण्याएवढ्या. गुडघ्याची जखम भरली तरी त्या दोन जागा सहा आठवडे ठणकत होत्या, पायजमा घासला तरी कळ यायची. पिनेच्या छिद्रातून हाड मोडण्याची घटना क्वचित घडते, म्हणून तिथली दुखणी अंगावर काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डाव्या पायाला हे नव्हतं. त्याऐवजी डाव्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घातली होती, कोन धरायला, ती उजव्यात टळली.

आता दोन्ही गुडघ्यांची तुलना. डावा मजबूत आहे, सहा वर्षांत कधी फसवलं नाही. पण तो बसवलेला आहे हे मला कळतं. सकाळी पहिली काही पावलं आतल्या बाजूला ओढ लागते. उजवा पाचव्या महिन्यापासून माझ्या लक्षातून जायला लागला. जिना उतरताना आता मी आपसूक उजवा पाय आधी टाकतो. हे रोबोटमुळं का? काही अंशी असेल. पण दुसऱ्या वेळी मला व्यायाम माहीत होता, डॉक्टरांचा हातही सहा वर्षांनी आणखी मुरलेला होता, आणि भूल-वेदनेची औषधंही सुधारली होती. एका माणसाच्या दोन पायांवरून कुणी निकाल लावू नये. खाली मांडी घालून पंगतीला बसायचं दोन्ही गुडघ्यांत सोडलंय, सांध्याची झीज वाढते म्हणून. देवळात खुर्ची घेतो.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅनोग्राम झाला. डॉक्टरांनी तीच रेघ ओढली, खुब्यापासून घोट्यापर्यंत. बाक दोन अंश. आराखड्यात दोनच होता. मी त्यांच्याकडून त्या पानाची छापील प्रत मागून घेतली. घरी माझ्या जुन्या मायक्रोमीटरच्या पेटीत ठेवलीय.

गेल्या आठवड्यात शिरोलीच्या फाउंड्रीतल्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. त्याचाही उजवा. रोबोट घेऊ का, म्हणून विचारत होता. मी त्याला म्हटलं, यंत्र कुठलं ते नंतर विचार. आधी डॉक्टरांना विचार की रोबोटशिवाय तुम्ही किती गुडघे केलेत, मधेच यंत्र बंद पडलं तर काय करता, आणि चेकपॉइंट जुळला नाही तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला ते किती वेळ घेऊन उत्तर देतात ते बघ. तो म्हणाला, चेकपॉइंट म्हणजे काय ते आधी मला सांग. फोनवर सांगून होईना, म्हणून सोमवारी त्याच्याबरोबर मीच जाणार आहे.